वाढायला लागलं की

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ७ वाजून १० मिनिटे.

काट्यावर चार नंबरचा उंदीर होता तेव्हा ही वही उघडली. खरं तर वही आधी उघडून ठेवली होती आणि उंदीर नंतर उचलला. एका हातात उंदीर आणि दुसऱ्या हातात पेन असं मी करत नाही. वजन २४.६ ग्रॅम. कामाच्या वहीत लिहिलं, आणि इथेही लिहितो आहे, कारण आजपासून आमच्या प्रयोगशाळेच्या मुख्य बाईंच्या प्रयोगाची शेवटची खेप सुरू होते आणि बाई दोन आठवडे इथे नाहीत. त्यांच्या वडिलांचं ऑपरेशन आहे. काही चुकलं तर माझ्यापाशी माझी स्वतःची नोंद असावी.

नोकरीला लागून बारा दिवस झाले. पहिले तीन महिने कच्चे, मग ठेवायचं की नाही ते ठरेल. याआधी छापखान्यात मुद्रितं तपासायचो, तो बंद पडला. शिक्षण अकरावीपर्यंत, तेही अर्धं. ऱ्हस्व-दीर्घात मात्र माझी चूक काढून दाखवावी कोणी. त्यामुळे इथले जुने कामगार काका मला पंतोजी म्हणतात.

सोळा उंदीर आहेत, चार पिंजऱ्यांत चार-चार. दोन पिंजऱ्यांना साधं खाद्य, दोन पिंजऱ्यांना चरबीचं. चरबीच्या गोळ्या गुलाबी आणि मऊ असतात, बोटं तेलकट होतात. बाहेर राहिल्या तर खवट होतात म्हणून फ्रीजरमध्ये ठेवायच्या. बाईंचा प्रश्न काकांनी मला समजावला. चरबीचं खाल्लं की अंगावर चरबी चढते हे कोणीही सांगेल. पण चढते कशी? पिशव्या तेवढ्याच राहतात आणि जास्त भरतात, की पिशव्याच जास्त होतात? पिशव्या म्हणजे पेशी. हा प्रश्न मला फार आवडला. एवढी माणसं रोज पाहतो, पण असं कधी मनातच आलं नव्हतं.

नवी पेशी ओळखण्यासाठी खुणेचं पाणी आहे. उंदीर ते पीत असताना जी पेशी जन्मते तिच्या आत खूण बसते आणि तशीच राहते. जुन्या पेशीत बसत नाही. उजेडाने ते पाणी खराब होतं, म्हणून बाटल्यांना चंदेरी कागद गुंडाळलेला असतो. झाकणं निळी.

बाईंनी जाता जाता भिंतीवर चिठ्ठी लावली आहे. जशीच्या तशी उतरवतो:

"सोमवारी चरबीचं खाद्य सुरू. रोज सकाळी वजन. वाढायला लागलं की त्या दिवसापासून सात दिवस खुणेचं पाणी, चारी पिंजऱ्यांना. मग साधं."

७.४० ला चरबीचं खाद्य वाढलं. ७.५५ ला निळ्या झाकणांच्या बाटल्या लावल्या. हातमोजे घातले होते.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

बाहेरच्या पहारेकऱ्याने विचारलं, "काय, टाकलं का उंदरांना?" काकांनी आतूनच उत्तर दिलं, "टाकतात कचरा. इथे वाढतात."

पहिल्याच दिवशी मी कामाच्या वहीत "खाद्य टाकले" असं लिहिलं होतं. काकांनी त्यावर रेघ ओढली. म्हणाले, "पंतोजी, जे खातं त्याला वाढायचं असतं. मग ते दोन पायांचं असो की चार. अठ्ठावीस वर्षं मी या खोलीत वाढतोय." तेव्हापासून माझ्या वहीत "वाढलं" असंच आहे. मला ते पटलंही. शेवटी हे जीव आपल्यासाठीच जाणार आहेत.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

जेवताना घरी प्रश्न सांगितला. दादा मालाची गाडी चालवतो, दिवसभर बसून. डॉक्टरांनी त्याला बारा किलो उतरवायला सांगितलं आहे. त्याने आपल्या पोटाकडे पाहिलं.

"म्हणजे माझ्या पिशव्या जास्त आहेत की मोठ्या आहेत?"

"ते कापून बघावं लागेल."

"जेवताना कापाकापी नको," आई म्हणाली. "तुला वाढू का अजून? वाऱ्याने उडून जाशील."

मी ताटावर हात धरला. तिने बोटांच्या फटीतून वाढलं.

दादा म्हणाला, "बाईंना एक विचार. मी वजन उतरवलं तर त्या पिशव्या जातात, की रिकाम्या पडून राहतात भाडेकरूची वाट बघत?" विचारायचं म्हणून लिहून ठेवलं आहे.

सोमवार, १० फेब्रुवारी

सात दिवस पुरे. ७.५५ ला निळी झाकणं काढून साधं पाणी लावलं.

चरबीवाल्यांचं वजन साध्यांपेक्षा सरासरीने फक्त ०.९ ग्रॅम जास्त आहे. पिंजऱ्यात नुसतं पाहिलं तर कोण कुठला ते ओळखू येत नाही. एक गोष्ट मात्र चमत्कारिक आहे. चरबीवाले ग्रॅमने मोजलं तर कमी खातात. उरलेल्या गोळ्या मी तीन दिवस तोलून पाहिल्या, हिशेब बरोबर आहे. कमी खाऊन जास्त वाढतात. काका म्हणाले, "गोळी लहान आणि गुण मोठे."

सोमवार, १७ फेब्रुवारी

बाई आल्या. डोळे सुजलेले होते, पण वडील बरे आहेत म्हणाल्या. बरोबर दहा वाजता कामाच्या वहीतली फक्त वजनांची पानं पाहिली. बोट आकड्यांवरून खाली खाली नेलं.

"फरक दोन ग्रॅमच्या वर गेला. छान. आता वाढायला लागलं. आजपासून खुणेचं पाणी सुरू कर."

मी "हो" म्हणालो.

मग चिठ्ठीसमोर जाऊन उभा राहिलो. किती वेळ ते माहीत नाही, आणि मला वेळ माहीत नाही असं फार क्वचित होतं. "वाढायला लागलं की." काय वाढायला लागलं? वाक्यात कर्ता नाही. "खाद्य" नपुंसकलिंगी, "वजन"ही नपुंसकलिंगी. दोन्ही "लागलं"ला चालतात. मी खाद्य वाढायला लागलो आणि त्यांना वजन वाढायला लागलेलं हवं होतं. छापखान्यात असं वाक्य आलं असतं तर मी समासात प्रश्नचिन्ह काढून परत पाठवलं असतं. इथे मला शंकासुद्धा आली नाही, कारण या खोलीत "वाढणे" म्हणजे एकच.

फ्रीजमध्ये खुणेच्या पाण्याची एक मोठी बाटली आहे. सांडलं-लवंडलं तर म्हणून बाईंनी जास्तीची करून ठेवली होती. सात दिवसांना पुरेल.

आज काही सुरू केलं नाही. बाई पुन्हा खोलीत आल्या नाहीत.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

खरं तेच लिहितो.

सकाळी जास्तीच्या बाटलीतलं पाणी एका निळ्या झाकणाच्या बाटलीत भरलं आणि पहिल्या पिंजऱ्याला लावलं. म्हणजे आजची तारीख, आजचं पाणी, बाईंच्या मनासारखं. आधीच्या सात दिवसांची नोंद कामाच्या वहीत आहे, पण ते पान नव्याने लिहिता आलं असतं. माझं अक्षर मलाच जुळवायला कितीसा वेळ लागणार. हे सगळं माझ्या मनात आलं होतं.

दोन नंबरचा उंदीर उठून आला, नळी हुंगली. त्याने जीभ लावायच्या आत मी बाटली काढली. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला जेवणावरून उठवलं.

११.२० ला बाईंच्या टेबलापाशी गेलो.

"बाई, पाणी देऊन झालं आहे."

"काल लावलंस ना?"

"तीन तारखेपासून दहापर्यंत."

त्यांनी चष्मा काढला. "अरे, चिठ्ठीत स्पष्ट लिहिलं होतं. वाढायला लागलं की."

"मी वाढायला लागलो होतो, बाई. तीन तारखेला, सात चाळीसला."

"काय वाढायला लागला होतास?"

"खाद्य."

दाराशी काका बादली घेऊन उभे होते. ते खोकले. बाई उठल्या, खोलीत जाऊन चिठ्ठी भिंतीवरून काढली आणि उभ्या उभ्याच वाचली. दोनदा वाचली असावी.

मग बसून, आवाज न चढवता बोलल्या. याआधी दोन खेपा झाल्या. एकदा सहाव्या आठवड्यात पाणी दिलं, एकदा चौथ्या. दोन्ही वेळा चरबीच्या पेशींत खुणा नाहीतच. सगळे म्हणाले, नवी पेशी होत नाही, जुन्याच फुगतात, विषय संपवा. त्यांना ते पटेना. म्हणून या वेळी वजन चढायला लागतानाच पाणी द्यायचं ठरवलं होतं. प्राण्यांची परवानगी देणाऱ्या समितीने बऱ्याच वादानंतर सोळा उंदीर दिले आणि यापुढे देणार नाही असं लिहून कळवलं.

"आता दिलं तर?" मी विचारलं.

"मग कुठली खूण कधीची ते कळणार नाही. दोन्ही वाया." मग म्हणाल्या, "काल का नाही सांगितलंस?"

"धीर झाला नाही." मग सकाळच्या बाटलीचंही सांगितलं.

"प्यायला नाही, हे नक्की?"

"लावायच्या आधी आणि काढल्यावर बाटली तोलली. फरक शून्य."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "पान नव्याने लिहिण्याचं डोक्यात होतं, आणि बाटली तोललीस."

मी म्हणालो, तोलण्याची सवय आहे.

"खाद्य चालू ठेव. आठ आठवडे पुरे होऊ देत. नंतर बघू."

"नंतर बघू" हे उंदरांबद्दल होतं की माझ्याबद्दल, ते कळलं नाही.

बुधवार, २६ फेब्रुवारी

बाई आठ दिवस कामापुरतं बोलतात. काकांना म्हटलं, रागावून मोकळ्या झाल्या असत्या तर बरं होतं. काका म्हणाले, "राग नाही रे तो. त्या विचारात आहेत. रागात असल्या की त्या माझ्यावर ओरडतात, तुझ्यावर कशाला?" मग म्हणाले, "आणि 'वाढणे' मी शिकवलं तुला. निम्मी नोकरी माझी जायला हवी." त्यांना निवृत्तीला चार महिने राहिले आहेत, त्यामुळे त्यांना असं बोलता येतं.

बुधवार, १२ मार्च

आता नुसत्या डोळ्यांनी दिसतं. चरबीवाले काट्यावर ठेवले की बसत नाहीत, पसरतात. सरासरी ३५.२ ग्रॅम. साधे २७.९. वजन करताना मी आधी आकडा मनात धरतो आणि मग काटा पाहतो. पंधरापैकी नऊ वेळा अर्ध्या ग्रॅमच्या आत आलो. (सोळावा हातातून निसटला होता. तो टेबलाखाली सापडला.)

धीर करून दादाचा प्रश्न बाईंना विचारला. वाटलं होतं, म्हणतील तुला काय करायचं. त्यांनी खुर्ची वळवली.

"सहसा जात नाहीत. रिकाम्या होऊन लहान होतात, पण राहतात. म्हणून उतरलेलं वजन परत चढतं तेव्हा फार कष्ट पडत नाहीत. जागा तयारच असते. कोणी विचारलं?"

"भावाने. गाडी चालवतो."

"हुशार आहे."

घरी सांगितलं. दादाला हसू येईल असं वाटलं होतं. त्याने हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे नव्या व्हायच्या आधीच थांबायला हवं होतं. पण त्या होतात कधी? सुरुवातीला, की माणूस चांगला सुटल्यावर?"

"ते ठाऊक नाही. तेच या खेपेत कळायचं होतं."

"मग कळलं का नाही?"

आईने विषय बदलला. तिला घरी आल्या आल्या माझ्या तोंडावरून कळतं.

सोमवार, ३१ मार्च

आठ आठवडे पुरे. काकांनी केलं. गॅसच्या पेटीत झोपवतात, त्यांना कळत नाही. मी पिंजरे उचलून दिले आणि क्रमांक वाचले. काल संध्याकाळी सगळ्यांना नेहमीसारखं वाढलं होतं.

पोटातली चरबी तोलली. साध्यांची ०.४ ग्रॅमच्या आसपास, चरबीवाल्यांची २.१. ओल्या कापसासारखी दिसते, पण चमकते. बशीत ठेवली तेव्हा अजून कोमट होती.

काकांनी नंतर रिकामे पिंजरे स्वतः धुतले, मला धुऊ दिले नाहीत.

गुरुवार, १० एप्रिल

बाईंनी मला काचपट्ट्या मोजायला बसवलं. चरबीचे कागदाहून पातळ काप करून काचेवर लावतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. मी विचारलं, "मीच का?" बाई म्हणाल्या, "मला काय दिसायला हवं आहे ते मला माहीत आहे. म्हणून मी मोजायचं नाही." सोळाही पट्ट्यांच्या नावांवर त्यांनी चिकटपट्टी लावली आहे. कुठली कोणाची ते मलाही माहीत नाही.

पहिली पट्टी बघून मी मोजायचं विसरलो. साबणाचा फेस असतो ना, तसं. फुगे एकमेकांना टेकून, दाबून, मधे जागाच नाही. हीच ती चरबी, जिला आपण नावं ठेवतो. इतकी नीट बांधलेली असेल असं वाटलं नव्हतं. एकेक फुगा म्हणजे तेलाची एक पेशी, आणि तिचं बी कडेला रेटलेलं, चपटं झालेलं. बी निळसर असेल तर जुनी पेशी. तपकिरी ठिपका असेल तर खुणेची.

शंभर फुगे मोजायचे, त्यात तपकिरी किती ते लिहायचं. प्रत्येक पट्टी तीनदा.

काही पट्ट्यांत ठिपके नाहीतच, कुठे एखादा. काहींत पुष्कळ. मी चुकीच्या वेळी दिलेलं पाणी असं सगळीकडे पसरलेलं दिसत होतं. ठिपके कमी निघाले तर माझ्या चुकीने फार नासाडी केली नाही असं तरी म्हणता आलं असतं. दोन-तीन ठिपके इतके फिकट होते की सोडले असते तरी कोणी विचारलं नसतं. ते "फिकट" असा वेगळा रकाना करून लिहिले.

शुक्रवार, ११ एप्रिल

बाईंनी चिकटपट्ट्या काढल्या. मी आकडे वाचत गेलो, त्या नाव सांगत गेल्या.

एक. साधी. शून्य. साधी. चौदा. चरबीची. एक. साधी. बारा, फिकट दोन. चरबीची. अकरा. चरबीची.

सातव्या पट्टीपासून त्यांनी नाव सांगणं बंद केलं. नुसती पट्टी उजेडात धरायच्या आणि पुढची घ्यायच्या. सोळा झाल्या तेव्हा तळहात टेबलावर ठेवून बसल्या.

"पहिल्या आठवड्यात," त्या म्हणाल्या. "काट्याला कळायच्या आधी."

मी म्हणालो, त्या आठवड्यात फरक ०.९ ग्रॅमच होता.

"तेच तर. वजन वाढलेलं दिसलं की आम्ही पाणी देत होतो. तोवर नव्या पेशी जन्मून गेलेल्या असायच्या, नंतर त्या नुसत्या भरत जायच्या. आम्ही दोन वेळा लग्न आटोपल्यावर मांडवात जाऊन विचारलं, इथे काही झालं का."

काका म्हणाले, "म्हणजे वाढायला लागलं की वाढायला लागतं."

बाई हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला यात एवढं हसण्यासारखं काय ते कळलं नाही. मी विचारलं, "म्हणजे चुकीमुळे किती नुकसान झालं असं धरायचं?" तर त्या अजूनच हसल्या. दगदगीने माणसाला असं होतं.

रात्री दादाला सांगितलं, पहिल्याच आठवड्यात होतात, निदान उंदरांत तरी. तो म्हणाला, "मला पहिला आठवडा आठवतही नाही." मग म्हणाला, "माझ्या पोराला मात्र सांगता येईल." त्याचं अजून लग्न ठरायचं आहे.

मंगळवार, २२ एप्रिल

आज माझे तीन महिने पुरे झाले, आणि आजच समितीसमोर जायचं होतं. एका खेपेवर कोणी विश्वास ठेवत नाही, म्हणून बाईंना आणखी बत्तीस उंदीर हवे आहेत. निम्म्यांना पाणी पहिल्या दिवसापासून, निम्म्यांना तिसऱ्या आठवड्यापासून. मी वह्या घेऊन मागे बसलो होतो. शर्ट इस्त्रीचा होता.

लांब टेबल, पाच जण. मधल्या खुर्चीतले म्हातारे डॉक्टर कागद चाळत म्हणाले, "मागच्या वेळी तुम्ही वजन वाढल्यावर पाणी देणार असं लिहून दिलं होतं. पहिल्या दिवशी देण्याची कल्पना कोणाची?"

बाई म्हणाल्या, "यांची."

सगळे माझ्याकडे वळले. मी उभा राहिलो. बाईंनी मान किंचित हलवली, बहुधा बसायची खूण होती. पण वहीत एक आणि तोंडी दुसरं असं मला जमत नाही.

"कल्पना नव्हती साहेब, चूक होती," मी म्हणालो आणि चिठ्ठी वाचून दाखवली. कर्ता कुठे गळला आहे तेही सांगितलं. दोघे हसले. मधले डॉक्टर हसले नाहीत.

"चूक कळल्यावर किती वेळाने सांगितलीत?"

"एक दिवस, एक तास, वीस मिनिटांनी."

"त्या वेळात काय केलंत?"

मी बाटलीचं सांगितलं. पान नव्याने लिहायचं मनात आलं होतं, तेही सांगितलं. समितीतल्या एक बाई पुढे वाकून म्हणाल्या, "ते पान बघू." मी वही दिली. ती टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली. पानं उलटल्याचा आवाज येत होता. मधल्या डॉक्टरांनी "फिकट"च्या रकान्यावर बोट ठेवून शेजाऱ्याला काहीतरी दाखवलं. तिथे शाईचा डाग पडला आहे की काय, याची मला काळजी वाटली.

आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. बाई खिडकीपाशी उभ्या राहिल्या. मला वाटलं, मी सगळं घालवलं. बाईंनी एवढं झाकून घेतलं होतं आणि मी उघडं केलं.

अकरा मिनिटांनी बोलावलं. बत्तीस मंजूर. कशामुळे ते मला कळलं नाही. आधी नाही म्हणत होते, नवीन तर मी काहीच सांगितलं नाही, उलट चूक कबूल केली.

परतताना जिन्यात बाई म्हणाल्या, "तुझं पत्र टेबलावर आहे. सही करून दे. आणि काचपट्ट्यांच्या खोलीत बसायची तयारी ठेव. उंदीर काका बघतील, मग नवीन माणूस." मी विचारलं, मला पिंजऱ्यांवरून काढलं ते शिक्षा म्हणून का. त्या चार पायऱ्या पुढे गेल्या आणि म्हणाल्या, "हो. जन्मठेप."

चेहरा दिसला नाही, त्यामुळे गंमत होती की खरं, सांगता येत नाही.

पत्र दोनदा वाचलं. पगार, वेळ, रजा सगळं ठीक. हुद्दा "प्रयोगशाळा सहाय्यक" असा टंकलेला आहे. शुद्ध रूप "साहाय्यक". पेन उघडून बराच वेळ बसलो. मग दुरुस्ती न करता सही केली.